प्रसिद्ध माणसाचं मन आजारी पडतं तेव्हा

२३ नोव्हेंबर २०२५ या दिवशी सांगलीत एक लग्न व्हायचं होतं. भारतीय महिला क्रिकेट संघाची उपकर्णधार स्मृती मानधना सांगलीची. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला होता, त्यामुळे या लग्नाच्या बातमीला साऱ्या देशात मागणी होती. लग्नाच्याच दिवशी तिच्या वडिलांची प्रकृती बिघडली, त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि लग्न पुढे ढकललं गेलं. पुढचे दोन आठवडे सांगलीकरांनी जवळून पाहिले. रुग्णालयाबाहेर कॅमेरे, डॉक्टरांचे बाईट, कुणाचे तरी म्हणून फिरणारे चॅटचे स्क्रीनशॉट, नेमकं काय बिनसलं याचे अंदाज. ७ डिसेंबरला स्मृतीने स्वतः समाजमाध्यमावर लिहून लग्न रद्द झाल्याचं सांगितलं आणि दोन्ही कुटुंबांच्या खासगीपणाचा मान राखावा अशी विनंती केली.

या प्रसंगाचा मनाच्या आजाराशी काही संबंध नव्हता आणि तो कुणी जोडूही नये. तरी सुरुवात इथून करतोय, कारण नामवंताच्या घरातल्या दुखण्याची बातमी कशी तयार होते हे इथे आपल्याच गावात, उघड्यावर दिसलं. वडिलांचं दुखणं हृदयाचं होतं, तेव्हा डॉक्टर किमान लक्षणं सांगू शकले, तपासण्या सांगू शकले. दुखणं मनाचं असेल तर कॅमेऱ्यासमोर धरायला ईसीजीची पट्टी नसते. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसतो, घरचे बोलायला तयार नसतात आणि डॉक्टरांनी बोलणं कायद्याला धरून नसतं. म्हणजे खात्रीची माहिती जवळपास शून्य, आणि मागणी मात्र तितकीच. ही मोकळी जागा कशाने भरली जाते, ते क्रमाने पाहू.

पहिल्या तासात वार्ताहराच्या हातात तीनच गोष्टी असतात: नाव, ठिकाण आणि ‘काहीतरी झालंय’ एवढी कुणकुण. जिल्ह्याच्या गावी वाहिनीसाठी काम करणारा माणूस बहुधा स्ट्रिंगर असतो, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारा. मुंबईहून डेस्कचा फोन येतो, व्हिज्युअल पाठव. तो रुग्णालयाचं फाटक, येणारीजाणारी गाडी, बंगल्याची बंद खिडकी पाठवतो. दुसरी वाहिनी तेच दाखवत असते, म्हणून वेगळं काहीतरी हवं. मग त्या व्यक्तीच्या जुन्या पोस्ट उघडल्या जातात. वर्षापूर्वी टाकलेला पावसाचा फोटो, एखादी उदास ओळ, आईची आठवण. काल त्यांना कुणी विशेष अर्थ लावला नव्हता, आज त्या ‘संकेत’ ठरतात. त्यानंतर ‘निकटवर्तीय’ येतात. नाव न सांगता बोलणारा निकटवर्तीय सांगेल त्याची पडताळणी त्या तासाभरात करता येत नाही, हे डेस्कवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. तरीही पट्टी पडद्यावर सरकते, कारण ती थांबवायची कुणी हा प्रश्न त्या वेळी कुणाच्याच कामात बसत नाही.

यानंतरची पायरी मला सगळ्यात घातक वाटते. ती म्हणजे कारण ठरवणं. ‘नैराश्यातून’, ‘प्रेमभंगातून’, ‘काम मिळेना म्हणून’, ‘कर्जाला कंटाळून’. मराठी बातमीच्या शीर्षकात हे कारण पहिल्याच दिवशी बसतं, कारण त्याशिवाय बातमी पुरी झाल्यासारखी वाटत नाही. हे किती धोक्याचं आहे याचा धडा सांगली जिल्ह्याने घेतलेला आहे. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात एकाच कुटुंबातली नऊ माणसं मृतावस्थेत सापडली. सामूहिक आत्महत्या, कारण सावकारी कर्ज, असं त्या दिवशी देशभर छापून आलं. पोलिसांनीही त्या दिशेने गुन्हा नोंदवून सावकारांना पकडायला सुरुवात केली होती. आठवडाभरात तपास उलटला. गुप्तधनाच्या आमिषाशी संबंधित हे हत्याकांड असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि त्यासाठी दोघांना अटक केली. कारण चुकलं होतंच, ती आत्महत्या होती हे गृहीतही चुकलं होतं. ती माणसं नामवंत नव्हती. पण पहिल्या दिवशी लिहिलेलं कारण किती तकलादू असू शकतं हे समजायला याहून जवळचं उदाहरण नाही.

खरोखरच्या आत्महत्येतही एकच कारण सापडत नाही. आजार, व्यसन, आर्थिक ओढाताण, अपमान, एकटेपणा, त्या क्षणी हाताशी काय होतं, सोबत कोण होतं, अशा अनेक गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. नातं तुटलेली, कर्ज असलेली, काम गेलेली लाखो माणसं जगत असतात. बातमीने एकच कारण उचललं की त्याच अडचणीत असलेल्या दुसऱ्या माणसाला नकळत सांगितलं जातं की अशा वेळी शेवट हाच.

आता मुंबईकडे वळू. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा १४ जून २०२० रोजी वांद्र्याच्या घरी मृत्यू झाला. तो ३४ वर्षांचा होता. त्याच दिवशी मृतदेहाची छायाचित्रं फिरू लागली, इतकी की ती पसरवू नका, काढून टाका, असं आवाहन महाराष्ट्र सायबर विभागाला करावं लागलं. त्याने केलेली म्हणून काही खोटी ट्विट्स ‘आज तक’ने बातमीत वापरली. वृत्तवाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेने पुढे त्यासाठी वाहिनीला माफी मागायला लावली आणि एक लाख रुपये दंड केला. कोट्यवधींच्या उलाढालीत एक लाख रुपये म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

मला जास्त अस्वस्थ करतं ते पुढच्या आठवड्यांतलं. तो माणूस आजारी होता की नव्हता, हा वादाचा मुद्दा झाला. आजारी होता असं म्हणणारा जणू त्याची बदनामी करतोय, आणि नव्हता असं म्हणणारा त्याच्या बाजूचा. नाचतानाचे, हसतानाचे व्हिडिओ तो आजारी नव्हता याचा पुरावा म्हणून दाखवले गेले. नैराश्य असलेला किंवा भावनिक चढउतारांचा आजार असलेला माणूस हसतो, कामावर जातो, मुलाच्या वाढदिवसाला फुगे फुगवतो. हे मिरजेतला कुठलाही मनोविकारतज्ज्ञ पाच मिनिटांत सांगेल. पण पडद्यावर आठ चौकटींत बसलेल्या पॅनेलमध्ये ती पाच मिनिटं कुणाला मिळत नव्हती. याच काळात औषधांविषयीची खासगी चॅट्स आणि चिठ्ठ्याही चर्चेला आल्या. त्याच सुमारास अमली पदार्थांचा तपास सुरू असल्याने मानसोपचारातली औषधं आणि नशेचे पदार्थ एकाच वाक्यात, एकाच आवाजात बोलले गेले. त्याच्यावर उपचार केलेल्या एका मानसशास्त्रज्ञाने अपप्रचाराला उत्तर म्हणून त्याच्या आजाराचं नाव जाहीरपणे सांगितलं. हेतू चांगला असेल, पण उपचाराच्या खोलीत ऐकलेलं बाहेर सांगण्याची परवानगी रुग्णाने दिलेली नव्हती. त्याच्या मैत्रिणीला, रिया चक्रवर्तीला, सप्टेंबर २०२० मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि जवळपास महिना तुरुंगात काढावा लागला. ही आत्महत्याच असल्याचं मत एम्सच्या वैद्यकीय मंडळाने ऑक्टोबरमध्ये दिलं. सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल मार्च २०२५ मध्ये न्यायालयात दिला. आरोपाला जितके महिने रोजचा पडदा मिळाला, तितके दिवसही या अहवालाला मिळाले नाहीत.

कायदा काय म्हणतो, ते वाचकाला माहीत असायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अमलात आला मे २०१८ मध्ये. त्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घालतं. कलम २४ आणखी स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेत असलेल्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा कसलीही माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि गोपनीयतेचा हक्क संगणकात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. कायदा मोडला तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम चांगलं आहे, पण त्याने मुख्यतः रुग्णालयाचं दार बंद होतं. बातमी त्या दारातून येतेच असं नाही. ती येते माजी ड्रायव्हरकडून, तपासात जप्त झालेल्या मोबाइलमधून, भांडलेल्या नातेवाइकाकडून, पोलीस ठाण्यातल्या गप्पांतून.

आणखी एक उणीव मृत्यूनंतर उघडी पडते. सुशांतच्या वडिलांनी त्याच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये सांगितलं की खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबर संपतो, तो वारसाकडे जात नाही. म्हणजे जिवंतपणी ज्याची औषधाची चिठ्ठी कायद्याने झाकलेली होती, त्याच्या मृत्यूनंतर ती झाकण्याचं काम बव्हंशी संपादकाच्या विवेकावर उरतं.

त्या विवेकासाठी नियम मात्र लिहिलेले आहेत. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे आत्महत्येच्या वार्तांकनाची तत्त्वं ठरवली. बातमी ठळक जागी छापू नये, पुन्हा पुन्हा देऊ नये, पद्धत आणि जागा यांचा तपशील देऊ नये, सनसनाटी शीर्षक नको, छायाचित्र आणि चित्रफीत नको. सुशांत प्रकरणातल्या जनहित याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी प्रेस कौन्सिलची ही तत्त्वं वाहिन्यांनाही लागू होतील असं सांगितलं, मृत व्यक्तीला कमकुवत मनाची म्हणून रंगवू नये असं बजावलं, आणि दोन वाहिन्यांचं काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं असल्याचं नोंदवलं. कारवाई केली नाही.

संमतीबद्दल थोडं थांबायला हवं. अभिनेत्री परवीन बाबीचा आजार १९८० च्या दशकात फिल्मी मासिकांनी गाजवला. तेव्हा चोवीस तासांच्या वाहिन्या नव्हत्या. तिच्या आयुष्यातल्या पुरुषांनी तिच्या आजाराबद्दल सांगितलं, त्यावर चित्रपट निघाले, तिने स्वतः तो आजार नाकारला. पुढे तिने बड्या बड्या लोकांवर आपल्याविरुद्ध कट केल्याचे आरोप केले आणि ते चवीने छापले गेले. २००५ च्या जानेवारीत ती जुहूच्या घरी एकटीच वारली. ती स्वतः बोलत होती, मग छापायला काय हरकत, असा युक्तिवाद तेव्हा होता आणि आजही आहे. पण संशय हेच ज्या आजाराचं लक्षण असतं, त्या आजाराच्या भरात केलेलं विधान म्हणजे मुलाखत नव्हे. माणूस बरा झाल्यावर ते वाचून त्याला काय वाटेल, हा प्रश्न छापण्याआधी विचारायला हवा. माझ्या मते संमतीची खरी कसोटी हीच आहे.

प्रसिद्ध माणसं स्वतःहून, स्वतःच्या वेळी बोलतात तेव्हा चित्र बदलतं. अभिनेत्री दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये आपल्या नैराश्याबद्दल दूरचित्रवाणीवर सांगितलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढून जेमिमा रॉड्रिग्जने पत्रकार परिषदेत रडत रडत सांगितलं की स्पर्धेच्या सुरुवातीला तिला चिंतेने घेरलं होतं. तिने स्मृतीचंही नाव घेतलं, सरावाच्या वेळी ती नुसती जवळ येऊन उभी राहायची म्हणून. माध्यमांनी हे आदराने दाखवलं आणि ते चांगलंच झालं. पण यातही एक मेख आहे. ही कहाणी सांगता आली कारण शेवटी शतक झालं. आजार संपला, यश मिळालं, आता तो सांगण्याजोगा झाला. ज्याचं शतक झालं नाही, जो वर्षानुवर्षं गोळ्या घेत साधं काम करतोय, मधूनमधून पुन्हा घसरतोय, त्याच्यासाठी बातमीत जागा नाही. मनाचे बरेच आजार मधुमेहासारखे सांभाळत जगायचे असतात. ‘मात केली’ या शब्दांत ते बसत नाहीत.

हे सगळं वाचणारा, पाहणारा कोण असतो? बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. तरीही कोरेगावात, विट्यात, जतमध्ये ज्या घरी टीव्ही चालू आहे, त्यातल्या कितीतरी घरांत उशीखाली किंवा कपाटात मागे ठेवलेली गोळ्यांची पट्टी आहे. आपल्याकडे अनेक कुटुंबं गावातल्या डॉक्टरकडे न जाता मुद्दाम दुसऱ्या गावी जातात. साताऱ्याची माणसं पुण्याला, तालुक्याची मिरजेला, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. एवढं लपवून सुरू ठेवलेलं औषध पडद्यावर संशयाची वस्तू होतं, तेव्हा सासू विचारते, ह्याच गोळ्या का गं? नैराश्यावरची बरीच औषधं लागू पडायलाच काही आठवडे घेतात आणि अचानक सोडली तर त्रास देतात. त्या एका प्रश्नाने उपचार तुटू शकतो.

बातमीचा परिणाम मोजलाही गेला आहे. अमेरिकी अभिनेता रॉबिन विल्यम्स ऑगस्ट २०१४ मध्ये आत्महत्येने गेला. त्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा सुमारे दहा टक्के, म्हणजे १,८४१ आत्महत्या जास्त झाल्याचं पुढे एका अभ्यासात आढळलं. उलटं उदाहरण व्हिएन्नाचं. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांची वर्णनं वृत्तपत्रं रंगवून छापत. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी सूचना तयार केल्या, वृत्तपत्रांनी त्या पाळल्या आणि तिथल्या आत्महत्या झपाट्याने घटल्या. संकटातून बाहेर पडलेल्या माणसांच्या गोष्टींचा उपयोग होतो, असंही ऑस्ट्रियातल्याच अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट मला या संदर्भात आठवतो. नैराश्यात बुडालेल्या तरुणाला कुणी उपदेश न करता सांभाळतं, एवढीच त्याची गोष्ट, आणि २०१७ मध्ये त्याला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. शिवाय हे काम वृत्तपत्रातही होऊ शकतं. साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेत काम करणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर मराठी वृत्तपत्रांतून या विषयावर सातत्याने लिहीत आले आहेत. पण असा लेख पुरवणीत येतो आणि त्याच आठवड्याची बातमी पहिल्या पानावर त्याच्या उलट लिहिलेली असते. ही दोन पानं एकमेकांशी बोलत नाहीत, हे माझं दुखणं आहे.

सातारा किंवा सांगली आवृत्तीच्या रात्रपाळीच्या उपसंपादकाच्या हातात एवढ्याने काय उरतं? बरंच उरतं. एखादा कलावंत आजारी आहे, एवढीच माहिती असेल, तर बातमी अशी होते: अमुक यांनी प्रकृतीच्या कारणास्तव नाटकाच्या दौऱ्यातून माघार घेतली आहे, अमुक तारखांचे प्रयोग रद्द झाले आहेत, तिकिटांचे पैसे परत मिळतील. प्रेक्षकाला लागणारं सगळं यात आलं. कुठल्या डॉक्टरकडे, कुठलं औषध, घरात काय चाललंय, यातलं काहीच नाही, आणि बातमी अपुरी वाटत नाही. मृत्यू झाला असेल तर नाव, वय, केलेलं काम आणि ‘पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली असून तपास सुरू आहे’ हे वाक्य पुरतं. चिठ्ठी सापडली असेल तर तिचा मजकूर छापायचा नाही. तिच्यात कुणावर गंभीर आरोप असेल तर प्रश्न अवघड होतो, कारण आरोप दडपला जाणंही अन्याय आहे. अशा वेळी आरोप झाला आहे आणि पोलिसांनी त्यावर काय केलं, एवढं लिहावं. चिठ्ठीचा फोटो न देताही ते लिहिता येतं. वार्ताहराने शेजाऱ्यांना ‘कारण काय असेल?’ हा प्रश्न विचारूच नये, म्हणजे उत्तर छापायची वेळ येत नाही. आणि तपासाचा निष्कर्ष काही महिन्यांनी येईल, तेव्हा तो पहिल्या बातमीच्याच पानावर द्यायचा, हे पहिल्याच दिवशी डायरीत लिहून ठेवावं.

बातमीखाली एक चौकट यावी. त्यात केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, जो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि जिथे मराठीतही बोलता येतं. त्याच्याखाली त्या जिल्ह्यापुरती माहिती. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात, सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते, केसपेपर कुठे काढायचा, कितव्या मजल्यावर जायचं, सोबत कुणी हवंय का. मुंबईच्या डेस्कला ही माहिती नसते. जिल्ह्याच्या वार्ताहराला ती एका फोनवर मिळते, आणि ती छापायला कुणाच्या संमतीची गरज पडत नाही.